काबुलीवाला झालेला कलावंत

१८९२ साली रवींद्रनाथ टागोरांनी ‘काबुलीवाला’ ही बंगाली कथा लिहिली. कलकत्त्यात सुका मेवा विकणाऱ्या रहमतला पाच वर्षांच्या मिनीत आपली दूरदेशी राहिलेली लेक दिसते. त्या लेकीच्या इवल्या हाताचा काजळीचा ठसा तो कागदावर उमटवून उराशी जपत असतो. १९५७ साली तपन सिन्हा यांनी ही कथा बंगाली पडद्यावर आणली व छबी बिस्वास रहमत झाले. १९६१ च्या हिंदी चित्रपटात ती भूमिका बलराज साहनी यांनी केली.

बलराजांचा जन्म १ मे १९१३ रोजी रावळपिंडीस झाला. लाहोरला इंग्रजी घेऊन ते एम. ए. झाले, परंतु घरच्या कापडाच्या व्यापारात त्यांचे मन रमेना. पत्नी दमयंतीसह ते शांतिनिकेतनात गेले व तेथे शिकवू लागले. आपल्या मातृभाषेत, पंजाबीत, का लिहीत नाही, असे रवींद्रनाथांनी त्यांना विचारले. तो प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला आणि पुढे ते पंजाबीतील नामवंत लेखक झाले. मध्यंतरी वर्ध्याजवळील सेवाग्राम आणि लंडनचे नभोवाणी केंद्र येथेही त्यांनी काम केले.

१९५३ च्या ‘दो बिघा जमीन’ या चित्रपटात त्यांना गरीब शेतकरी व्हायचे होते. विलायतेहून परतलेल्या या सुशिक्षित गृहस्थास ते साधेल काय, अशी शंका अनेकांना आली. बलराज मुंबईत जोगेश्वरीच्या गवळ्यांत जाऊन बसू लागले. कलकत्त्यात त्यांनी स्वतः रिक्षा ओढली. तेथे भेटलेल्या एका वृद्ध रिक्षावाल्याचीही जमीन गहाण पडलेली होती. त्याची कहाणी ऐकताच, आपण त्याचेच दुःख जगापुढे मांडीत आहोत, हे बलराजांना उमगले आणि मनातील भीती नाहीशी झाली.

१९४७ च्या फाळणीने त्यांची रावळपिंडी परक्या देशात गेली. दुरावलेल्या गावाची ओढ त्यांना ठाऊक होती. म्हणूनच त्यांचा रहमत दाढीने व पागोट्याने नव्हे, तर डोळ्यांतील मायेने खरा वाटतो.

१३ एप्रिल १९७३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. परक्याचे सुखदुःख आपले मानल्यावाचून कला सजीव होत नाही, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.