भास्कराचार्यांचा बॅकअप

जळगाव-धुळ्याकडची बरीच मुलं हल्ली फोनवर आकाशगंगा टिपतात. एका रात्रीत शंभर रॉ फ्रेम्स काढल्या आणि एक फाईल २५ एमबीची धरली, तर अडीच जीबी झाले. हे ठेवायचं कुठे, असं कोणी विचारलं की मी भास्कराचार्यांची गोष्ट सांगतो.

ते जन्मले शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४. हे नक्की ठाऊक आहे, कारण त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवलंय. फाईलच्या आतच मेटाडेटा! आणि आकडे शब्दांत: चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४. नकलताना अक्षर गळलं तर वृत्त मोडतं आणि चूक लगेच कळते. आम्ही याला चेकसम म्हणतो. गावाचं नावही त्यांनी दिलंय, सह्याद्रीतलं विज्जडविड. पण ते नेमकं कुठलं यावर अजून वाद आहे. कोणी चाळीसगावजवळचं पाटण म्हणतं, कोणी विजापूर. तेव्हा कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवा, अक्षांश-रेखांशावर वाद होत नाही. (व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ही माहिती गळते.)

वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित, गोलाध्याय असे चार स्वच्छ फोल्डर, आणि सोबत स्वतःच लिहिलेली टीका, म्हणजे रीडमी. ११८३ मध्ये ‘करणकुतूहल’ आलं, झटपट आकडेमोडीसाठी. ते लाइट व्हर्जन समजा.

पण मला खरं कौतुक आहे ते पुढच्या पिढ्यांचं. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला, नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवानं आजोबांचे आणि घराण्यातले ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. पोथीला कीड लागते, ओल लागते. ती टिकते पुन्हा पुन्हा नकलून, शिकवून. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या दिवशी निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्या मठाला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या तिथल्या शिलालेखात हे सगळं कोरलंय. लेख संस्कृत, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत, आणि त्यात काय? मठासाठी व्यापाऱ्यांनी काय द्यायचं, घाण्यामागे तेल किती द्यायचं! म्हणजे स्टोरेजचा चालू खर्चसुद्धा दगडावर लिहून ठेवलेला.

पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं लीलावती फारसीत नेली. दूरच्या गावी, वेगळ्या फॉरमॅटमध्ये आणखी एक प्रत.

तुमचं काम यापेक्षा सोपं आहे. फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करा, ‘२०२६-०१-१८_पाटण_मृग’ असं. डार्क फ्रेम्स त्यातच, पण वेगळ्या. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर. फोन त्यात धरू नका, तो खिशातून पडतो. गूगलचे फुकटचे १५ जीबी अशा सहा रात्रींत संपतील. त्यानंतरचं तेल कोण घालणार, ते घरी आधीच ठरवून ठेवा.