जमशेद अल्-काशी

वर्तुळाचा परीघ काढताना आपण व्यासाला २२/७ ने गुणतो. पाण्याच्या नळाचा घेर किंवा बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव मोजायला एवढे पुरते. पण २२/७ हे अगदी अचूक नाही. व्यास १ किलोमीटर असेल तर परिघात सुमारे सव्वा मीटरची चूक होते. अशा चुकीने ज्यांना चैन पडत नसे, ते गणिती म्हणजे गयासुद्दीन जमशेद अल्-काशी.

त्यांचा जन्म इराणातील काशान येथे सुमारे १३८० साली झाला. तो काळ तैमूरच्या स्वाऱ्यांचा होता. लोक गरिबीने गांजले होते. अशा दिवसांतही जमशेद यांचे लक्ष आकाशाकडे असे. २ जून १४०६ रोजी त्यांनी काशानमध्ये चंद्रग्रहणाचा वेध घेतला.

तैमूरचा नातू उलुग बेग स्वतः गणित जाणणारा होता. त्याने समरकंदमध्ये मोठा मदरसा बांधला आणि विद्वानांना बोलावले. सुमारे १४२० साली जमशेदही तेथे गेले. तेथून त्यांनी वडिलांना पाठवलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. एवढ्या विद्वानांत उलुग बेग आणि काजीजादा रूमी हे दोघेच खरे जाणकार, असे त्यांचे मत होते. दरबारी रीतिरिवाज त्यांना नीट जमत नसत. पण त्यांच्या विद्येकडे पाहून उलुग बेग ते चालवून घेई, असे सांगतात.

१४२४ साली त्यांनी 'रिसाला अल्-मुहीतिया' हा ग्रंथ लिहिला. परिघाला आपण उर्दूत मुहीत म्हणतो, तोच हा शब्द. त्यांनी आधी अट ठरवली. पृथ्वीच्या व्यासाच्या ६,००,००० पट व्यास असलेले वर्तुळ घेतले, तरी परिघात केसाच्या जाडीएवढीही चूक होऊ नये! यासाठी त्यांनी वर्तुळात बहुभुज कल्पिला. ३ बाजूंपासून सुरुवात करून बाजू २८ वेळा दुप्पट केल्या. शेवटी बाजूंची संख्या ८०,५३,०६,३६८ झाली. एवढ्या बाजूंची आकृती कोण काढणार? सगळे काम हिशेबाचेच. दर वेळी लांबलचक वर्गमूळ काढायचे, आणि एक अंक चुकला की पुढचे सगळे वाया. आर्किमिडीज ९६ बाजूंवर थांबले होते. जमशेद यांचे उत्तर दशांश चिन्हापुढे १६ स्थळांपर्यंत बरोबर आले.

१४२७ साली त्यांनी 'मिफ्ताह अल्-हिसाब' पूर्ण केला. घुमट व कमानी कशा मोजाव्यात, हेही त्यात आहे. गवंड्यांच्या उपयोगाचे गणित त्यांना कमी दर्जाचे वाटले नाही.

२२ जून १४२९ रोजी समरकंदच्या वेधशाळेत त्यांचे निधन झाले. ताऱ्यांच्या कोष्टकांचे काम अपुरेच राहिले होते. ते इतरांनी पुरे केले. परिघाचा त्यांचा आकडा मात्र कोणालाच मागे टाकता येईना. अखेर १५९६ साली हॉलंडच्या लुडोल्फ व्हान क्यूलेन यांनी २० स्थळांपर्यंत मजल मारली.