खराटा हाती घेतलेले संत : श्री गाडगेबाबा

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. या भूमीत टाळ-वीणा हाती घेतलेले संत पुष्कळ होऊन गेले. परंतु हातात खराटा घेऊन गावोगावची घाण स्वतः काढणारे संत म्हटले की एकच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि जवळ एक मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांचे नाव ठेवले गाडगेबाबा. देवळाचा जीर्णोद्धार होत असताना या थोर पुरुषाचे चरित्र सर्वांच्या स्मरणात असणे अगत्याचे आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. घरदार मोडले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजी मामाकडे गुरे राखू लागले व पुढे शेतीच्या कामात तरबेज झाले. शाळेचे तोंड त्यांना पाहावयास मिळाले नाही.

अशातच मामांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली. कागदावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याने अंगठा उठविला की पुढे काय होते, याचा अनुभव त्या घराने घेतला. जमीन गेली आणि घराची दैना झाली. हा घाव डेबूजींच्या मनावर कायमचा राहिला. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते कर्ज काढू नका, दारू पिऊ नका व पोरांना शाळेत घाला, हे तीन उपदेश कधी विसरले नाहीत, याचे मूळ येथे आहे. वडील दारूने नेले व शेत अडाणीपणाने नेले, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू देण्याचे त्यांनी साफ नाकारले आणि आलेल्या मंडळींना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद नाराज झाले, पण डेबूजी ढळले नाहीत. समाजाला सांगावयाचे ते आधी आपल्या अंगणात करून दाखवावयाचे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी आई, पत्नी व लेकरे यांचा निरोप घेऊन त्यांनी घर सोडले. ते कोणत्याही मठात गेले नाहीत. फिरत फिरत गावात यावे आणि कोणाला काही न विचारता खराट्याने रस्ता झाडावयास लागावे, गटारातील गाळ काढावा, एखाद्याची लाकडे फोडून द्यावीत. मोबदला म्हणून मागावयाचे ते भाकरीचा तुकडा. प्रथम लोक त्यांना वेडा समजत. पण एकटा मनुष्य भर उन्हात आपल्या दारापुढची घाण उपसतो आहे हे पाहून कोणालाही ओशाळल्यासारखे होई. मग एक जण फावडे घेऊन येई, दुसरा घमेले आणी आणि दुपारपर्यंत अर्धे गाव कामाला लागलेले असे. सायंकाळी त्याच झाडलेल्या जागी बाबांचे कीर्तन होई. त्यात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. देवापुढे कोंबडे-बकरे कापणे, सणाला ऋण काढणे, अस्पृश्यता पाळणे यांचा खोटेपणा लोक स्वतःच कबूल करीत. दिवसा गाव झाडले आणि रात्री मने झाडली, असा हा क्रम सुमारे पन्नास वर्षे चालला.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. तेथे नदीच्या दरडीवरून उतरताना चिखलात घसरून यात्रेकरूंचे हाल होत. बाबांनी तेथे हात घातला व लोकांच्या मदतीने पक्का घाट उभा राहिला. पुढे त्यांच्या प्रेरणेने ठिकठिकाणी धर्मशाळा, शाळा, वसतिगृहे, अन्नछत्रे व गोरक्षणाच्या संस्था झाल्या. पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाला येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना उतरावयास कोणी जागा देत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ साली ती इमारत त्यांनी शिक्षणकार्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक व आळंदी येथे यात्रेकरूंसाठी, तर मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या धर्मशाळा झाल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने कऱ्हाड येथे १९५४ साली काढलेल्या महाविद्यालयास बाबांचेच नाव दिले.

एवढ्या इमारती झाल्या, पण बाबांनी एकाही ठिकाणी स्वतःसाठी खोली ठेवली नाही. पैसा लोकांचा, काम लोकांचे आणि कारभार विश्वस्तांचा, अशी त्यांची व्यवस्था होती. संस्थांवर आपल्या नातेवाइकांचा काडीचाही हक्क राहू नये, याची तजवीज त्यांनी करून ठेवली. १९२३ साली कोकणात कीर्तनासाठी गेले असता एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची बातमी त्यांना समजली. त्यांनी ते दुःख गिळले आणि कीर्तन थांबविले नाही. १९५२ साली या सर्व कामाची घडी नीट राहावी म्हणून गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीकाठी बाबांनी देह ठेवला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. शासनाने सन २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा त्याला त्यांचेच नाव दिले.

बाबांचे एक मत देऊळ बांधणाऱ्या प्रत्येक गावाने मोकळ्या मनाने ऐकून घ्यावे असे आहे. दगडाच्या देवाला नैवेद्य व दागिने यांची गरज नाही, भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र व गरिबाच्या मुलाला शिक्षण देणे हीच खरी पूजा, असे ते उघडपणे सांगत. तीर्थाच्या ठिकाणी जाऊनही त्यांचे पाय मंदिराच्या गाभाऱ्याकडे न वळता वाळवंटातील घाणीकडे वळत. कोणी पाया पडावयास आले तर ते काठी उगारीत. मग अशा पुरुषाचे चरित्र जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, देऊळ हे गाव एकत्र येण्याचे ठिकाण आहे. वर्गणी गोळा करताना, विटा वाहताना व चुना कालवताना जी माणसे एका रांगेत उभी राहिली, ती रांग कळस चढल्यावर मोडता कामा नये. देवळाच्या पायरीपासून गावच्या वेशीपर्यंतचा रस्ता, विहिरीचा काठ, शाळेचे अंगण हाही त्याच देवाचा परिसर आहे. दात्यांची नावे शिळेवर कोरली जातात व ते योग्यच आहे. परंतु बाबांच्या हातचा खराटा ज्या गावात आळीपाळीने प्रत्येक घर उचलते, त्या गावचा जीर्णोद्धार कधी जुना होत नाही.

अशा या कर्मयोगी संतास गावकऱ्यांचे कोटी कोटी प्रणाम.