गोचा योद्धा : शूसाकू

मी बुद्धिबळ खेळतो, पण माझा आवडता खेळाडू जपानी ‘गो’ खेळातला आहे : होनिन्बो शूसाकू. गोमध्ये १९ आडव्या व १९ उभ्या रेघांच्या पटावर काळे-पांढरे खडे मांडून जास्त प्रदेश वेढायचा असतो. शूसाकू १८२९ मध्ये जन्मला. १८४६ मध्ये नामवंत गेन्नान इन्सेकीविरुद्ध तो पिछाडीवर होता. त्याची १२७ वी खेळी पाहून इन्सेकीचे कान लाल झाले, असे सांगतात. तो डाव शूसाकूने जिंकला. पुढे एदोच्या किल्ल्यातील सामन्यांत त्याने सलग १९ डाव जिंकले. १८६२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली. गुरुगृहातील रुग्णांची सेवा करताना त्यालाही लागण झाली आणि ३३ व्या वर्षी तो गेला. आम्ही कॅडेट नकाशावर टेकड्या जिंकायला शिकतो. आजारी सोबत्याजवळ थांबणे मी शूसाकूकडून शिकलो.