शिऊरच्या बहिणाबाई

संतांची चरित्रे वाचताना आपल्या आयाबहिणींच्या मनात एक शंका नेहमी येते. त्या उघड बोलत नाहीत, पण येते खरी. मुक्ताबाई जन्मापासून विरक्त. जनाबाईंना स्वतःचा संसार नाही. कान्होपात्रा कोणाच्या घरची सून झाली नाही. सोयराबाईंना प्रपंच होता, पण नवरा मिळाला तो चोखोबांसारखा. मग जिच्या घरात नवऱ्यालाच टाळ-मृदंगाचा तिटकारा, जिच्या कडेवर मूल आणि चुलीवर आधण, तिने काय करावे? या शंकेचे उत्तर कोण्या पंडिताने दिलेले नाही. ते शिऊरच्या बहिणाबाईंनी बहात्तर वर्षे जगून दिले आहे.

बहिणाबाईंचा जन्म इ. स. १६२८ चा, म्हणजे शके १५५०. गाव देवगाव, वेरूळच्या घृष्णेश्वरापासून जवळच. वडील आऊजी कुळकर्णी, आई जानकी. फार दिवस मूल नव्हते, नवससायास झाले आणि मग ही लेक झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या तिसऱ्या वर्षीच तिचे लग्न लावले. नवरा शिऊरचा पाठक, तिशीचा आणि बिजवर. पोरीला लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत कपाळी कुंकू लागले. आज आपण ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

पुढे घरात भाऊबंदकी माजली. वडिलांवर संकट आले, कैदही झाली. जावयाने धावाधाव करून सासऱ्याला सोडवले आणि सारे बिऱ्हाड रातोरात गाव सोडून निघाले. हा माणूस तापट होता, पण कर्तव्याला चुकणारा नव्हता, हे इथेच ध्यानात ठेवावे. पंढरपूरला पाच दिवस मुक्काम झाला. चंद्रभागेचे स्नान, महाद्वार, विठ्ठलाचे दर्शन. त्या कोवळ्या मनावर जो ठसा उमटला तो कायमचा. तिथून शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर आणि शेवटी कोल्हापूर.

कोल्हापुरात ज्या ब्राह्मणाच्या घरी उतरले त्यांच्याकडून या कुटुंबाला एक कपिला गाय मिळाली. गाईचे वासरू बहिणेच्या इतके अंगाशी लागले, की ती पाण्याला निघाली तर मागे, दळायला बसली तर शेजारी. तिच्या हातूनच ते खाई-पिई. त्या सुमारास जयरामस्वामींची कीर्तने कोल्हापुरात चालत. बहिणा आईबापांबरोबर ऐकायला जाई, आणि वासरूही जाई! एके दिवशी गर्दी फार झाली, म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते हंबरू लागले, इकडे बहिणा रडू लागली. स्वामींना कळले तेव्हा त्यांनी वासराला आत आणवले आणि त्या मुलीच्या डोक्यावर प्रेमाने हात ठेवला.

झाले! गावभर त्याचीच चर्चा. चार जणांनी नवऱ्याचे कान भरले. वेदशास्त्र शिकलेला तो गृहस्थ संतापाने बेभान झाला. त्याने बायकोला बेदम मारले आणि हातपाय बांधून टाकले. गाय आणि वासरू, दोघांनीही चारापाणी सोडले. वासरू दिवसेंदिवस क्षीण होत गेले आणि एक दिवस त्याने प्राण सोडला. बहिणा बेशुद्ध होऊन पडली. हा प्रसंग आपण गोड करून सांगू नये. बहिणाबाईंनी स्वतः आपल्या आत्मनिवेदनात तो जसाच्या तसा मांडला आहे; झाकलेला नाही आणि त्याचा कांगावाही केलेला नाही.

ती तुकोबांचे अभंग ऐकून होती. देहू कुठे आणि कोल्हापूर कुठे! पण ध्यास एकच, की गुरू करीन तर तुकोबांना. त्या ग्लानीतच, इ. स. १६४० च्या कार्तिकात, तुकोबांनी स्वप्नात येऊन मस्तकावर हात ठेवला आणि मंत्र दिला. वय अवघे बारा.

इथून खरी कसोटी लागली. लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले. नवऱ्याला वाटले, आपण वैदिक ब्राह्मण, आणि आपली बायको एका शूद्र वाण्याला गुरू मानते! आणि वर लोक तिच्या पाया पडतात, आपल्याला कोणी विचारत नाही. त्याने ठरवले, हिला हिच्या आईबापांपाशी टाकून निघून जायचे. बहिणाबाई तेव्हा गरोदर होत्या. विचार करा मंडळी, परका मुलूख, आईबाप स्वतःच निराधार, आणि नवरा निघालेला. एकीकडे पती, एकीकडे पांडुरंग. एकाला धरावे तर दुसरा सुटतो. बहिणाबाईंनी कोणालाच सोडले नाही. नवऱ्याची सेवा हाही माझा धर्म आणि नामस्मरण हाही माझा धर्म, अशी त्यांनी गाठ बांधली.

आणि घडले ते असे. निघण्याच्या बेतात असतानाच तो गृहस्थ आजाराने अंथरुणाला खिळला. महिनाभर औषधाचा गुण येईना. ज्या हातांना त्याने बांधले होते त्याच हातांनी त्याची दिवसरात्र शुश्रूषा केली. त्या अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचे डोळे उघडले. मनाशी त्याने हार खाल्ली आणि बरा झाल्यावर म्हणाला, चला, देहूला जाऊ. चमत्कार म्हणायचा तर मी यालाच म्हणेन. स्वप्न तर अनेकांना पडते. पण तिशी-चाळिशीच्या पुरुषाचा अहंकार उतरणे, हे काम स्वप्नापेक्षा अवघड.

देहूला पोचले तेव्हा देवळात तुकोबा आरती करीत होते. स्वप्नात पाहिलेली मूर्ती तीच! सारे कुटुंब तिथेच राहिले. पण देहूतही सुख नव्हते. मंबाजी गोसाव्याला वाटे, ही ब्राह्मणाची बाई तुकोबाऐवजी आपल्याला गुरू का करीत नाही? त्याने जाच मांडला. बहिणाबाईंची गाय पळवून कोंडून ठेवली आणि मारली. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात. आता मात्र त्यांचा नवरा त्यांच्या बाजूला उभा होता. देहूलाच त्यांना मुलगी झाली, काशीबाई. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा. घरात विठोबा आणि देवळात विठोबा, दोघांचेही करायचे!

इ. स. १६५० त तुकोबा वैकुंठाला गेले. बहिणाबाई तेव्हा बाविशीच्या. पुढे पन्नास वर्षे त्यांनी गुरूवाचून काढली, पण गुरूचे बोट सोडून नव्हे. समर्थ रामदासांच्या सहवासातही त्या काही काळ होत्या, अशी परंपरा आहे. मग शिऊरला सासरच्या गावी येऊन राहिल्या. तिथे लेकीसुना, आलागेला, सणवार, दुखणीबाणी सारे केले आणि हात रिकामा झाला की अभंग रचले. त्यांच्या अभंगांत पतिव्रतेचा धर्म आहे, तसा ब्राह्मण कोणाला म्हणावे याचा रोखठोक विचारही आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथाचा आशय त्यांनी मराठीत आणला. ब्राह्मणाच्या घरात जन्मून, ब्राह्मणाच्या घरात नांदून, जातीच्या अभिमानाला तोंडावर प्रश्न विचारणे ही लहान गोष्ट नव्हे. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा, पायाला ज्ञानोबा आणि कळसाला तुकोबा मानणारा जो अभंग आपण कीर्तनात ऐकतो, तो याच माउलीच्या नावाने प्रसिद्ध आहे. आपला संप्रदाय म्हणजे एक घर आहे, हे घर चालवणाऱ्या बाईलाच सुचावे, यात नवल ते काय?

इ. स. १७०० त, शके १६२२ त, त्यांनी जाणले की आता पाच दिवस उरले. मुलगा विठोबा तेव्हा आपल्या बायकोच्या उत्तरकार्यासाठी गोदातीरी गेला होता. आईने पत्र पाठवले. तो धावत आला. सुनेचे दुःख ताजे, आणि आता आईही निघालेली! त्या मुलाला जवळ बसवून बहिणाबाईंनी आपल्या मागच्या बारा जन्मांची कथा सांगितली आणि हा तेरावा शेवटचा, असे म्हणून त्याची समजूत घातली. आई जाताना लेकराला काय देते? कोणी सोने देते, कोणी शेत. या आईने मरणाचे भय काढून दिले. मग शिऊरलाच त्यांनी देह ठेवला. वैजापूर तालुक्यात त्यांची समाधी आहे.

मराठीत स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मचरित्र म्हणून त्यांच्या आत्मनिवेदनाचा मान आहे. इ. स. १९२९ त जस्टिन अ‍ॅबट या साहेबाने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले आणि शिऊरच्या पाठकांची सून साता समुद्रापार गेली. मान मोठा खरा. पण मला वाटते, मोठी गोष्ट दुसरी आहे. बहिणाबाईंनी घर सोडले नाही, देव सोडला नाही, आणि जे सोसले ते लपवलेही नाही. मार खाणे हे भूषण नव्हे, आणि आजच्या कोण्या लेकीने तो मुकाट्याने खावा असे या चरित्राचे सांगणे मुळीच नाही. सांगणे एवढेच की, दारे बंद झाली, हातपाय बांधले, तरी नाम कोणाला बांधता येत नाही. आणि ज्या पुरुषांच्या घरी अशी एखादी बहिणा दळता-कांडता नाम घेत असेल, त्यांनी अंथरुणाला खिळेपर्यंत वाट पाहू नये. आधीच उठून तिच्या बरोबर पंढरीची वाट धरावी.

रामकृष्णहरि.