रॅल्फ टीटर आणि क्रूझ कंट्रोल

थिअरी ऑफ मशीन्समध्ये गव्हर्नर सगळ्यांनीच केलाय. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात, स्लीव्ह वर सरकते, आकृती काढा, मार्क घ्या. पण तोच गव्हर्नर मोटारीत बसवून क्रूझ कंट्रोल बनवणारे रॅल्फ टीटर पूर्ण अंध होते, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

टीटर यांचा जन्म १८९० सालचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या हॅगर्सटाउनचा. पाच वर्षांचे असताना सुरीने एका डोळ्याला इजा झाली आणि पुढे दुसऱ्या डोळ्याची दृष्टीही गेली. पण घरच्यांनी बिचारा म्हणून त्यांना बाजूला बसवलं नाही. घरचाच कारखाना होता, तिथे ते हाताने चाचपून मशीन शिकले. बाराव्या वर्षी (बारावीत नव्हे!) चुलतभावाबरोबर त्यांनी चक्क एक मोटारगाडी बनवली.

पुढे इंजिनिअरिंग. अंध मुलाला कोण घेणार? शेवटी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने घेतलं. तिथे शिकणारी त्यांची चुलतबहीण त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची. १९१२ साली ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. आपण इथे झेरॉक्स नोट्स समोर असूनही वाचत नाही, ते सोडा.

पहिल्या महायुद्धात युद्धनौकांच्या स्टीम टर्बाइनचे रोटर बॅलन्स करण्याचं काम त्यांनी केलं. रोटर जरा जरी अनबॅलन्स्ड असला तरी थरथरतो, आणि ती थरथर त्यांच्या बोटांना बरोबर कळायची. नंतर ते पिस्टन रिंग बनवणाऱ्या घरच्या पर्फेक्ट सर्कल कंपनीत आले. १९३६ साली सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सचे अध्यक्ष आणि १९४६ पासून कंपनीचे अध्यक्ष.

आता मुख्य गोष्ट. असं सांगतात की त्यांचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की वेग कमी व्हायचा, ऐकायला लागले की वाढायचा. सतत हिसके! वकिलांना त्याचा पत्ताच नसे, शेजारी बसलेले टीटर मात्र वैतागायचे. शिवाय दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर वाचवायला अमेरिकेत ताशी ३५ मैलांची मर्यादा आली होती, म्हणजे वेग एकसारखा ठेवणं हा काही फक्त आरामाचा प्रश्न राहिला नव्हता.

१९५० साली त्यांना पेटंट मिळालं. ड्रायव्हरने डॅशबोर्डवर वेग ठरवायचा. गाडी त्या वेगाला पोचली की गव्हर्नरमुळे ॲक्सिलरेटर पेडल पायाला उलटं रेटा द्यायचं. म्हणजे स्पीडोमीटरकडे बघायलाच नको, पायाला कळणार! त्यात पुढे सुधारणा होऊन पायही काढून घेता येऊ लागला. १९५८ साली क्रायस्लरने ते गाड्यांत दिलं. क्रूझ कंट्रोल हे नाव कॅडिलॅकचं.

त्या यंत्राला फक्त स्वतःचा वेग कळायचा. समोर ट्रक आला तर ब्रेक ड्रायव्हरनेच मारायचा. अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ कंट्रोलमध्ये रडार पुढच्या गाडीचं अंतर मोजतं आणि गाडी आपोआप हळू होते. मर्सिडीजने ते १९९९ साली एस-क्लासमध्ये आणलं. आपल्याकडे २०२१ साली आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० मध्येही ते मिळालं.

टीटर यांना हे काही अनुभवता आलं नाही. ते १९८२ साली वारले, आणि १९८८ साली ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं.