गिटार न वाजविणारा गिटारकार

विजेवर चालणाऱ्या गिटारीचा नाद लागलेले दोघे तरुण एकत्र आले की त्यांच्यात एक वाद हटकून रंगतो. एकाला गिब्सन कंपनीच्या वाद्याचा भरदार, गोलसर आवाज प्रिय असतो, तर दुसऱ्याला फेंडरच्या वाद्याचा लख्ख आणि टोकदार स्वर. लाकूड कोणते, मान सरसाने चिकटविलेली की स्क्रूने बसविलेली, अशा प्रश्नांवर तासन्‌तास चर्चा चालते. अभिरुचीच्या वादाचा निवाडा होत नसतो. परंतु या वादातील एक संपूर्ण बाजू ज्याच्या आवडीनिवडीतून जन्माला आली, त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. इतकेच नव्हे, तर ती सुरात लावताही येत नव्हती. या माणसाविषयी अर्थशास्त्राच्या अध्यापकाला कुतूहल वाटते ते नेमके या ठिकाणी.

फेंडरचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. लहानपणीच आजारामुळे त्याचा एक डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. रेडिओची जुळवाजुळव करण्याचा छंद शाळेतच जडला होता, तरी शिक्षण मात्र त्याने हिशेबनिशीचे घेतले आणि नोकऱ्याही त्याच केल्या. मंदीच्या काळात ती नोकरी गेली. तेव्हा १९३८ साली सहाशे डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टन या गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. गावातले वादक आपले बिघडलेले ध्वनिवर्धक घेऊन तेथे येऊ लागले. कोणती जोडणी कोठे सुटते, कोणता भाग आधी जळतो, वादक कशाने वैतागतो, हे सारे त्याला या दुकानात कळले. विद्यापीठाची मोठी पदवी नसलेल्या या माणसाचे खरे शिक्षण हेच म्हणावे लागेल. आपल्याकडे दुरुस्ती करणाऱ्याला कारागिरांच्या पंगतीतही जरा खालचेच पान वाढले जाते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवितो.

भरीव लाकडाची विजेची गिटार हा फेंडरचा शोध, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. विजेच्या गिटारीचा आरंभ मुळी हवाईयन गिटारीपासून झाला. रिकनबॅकर कंपनीचे तव्याच्या आकाराचे धातूचे वाद्य १९३०च्या दशकाच्या आरंभीचे. (याच हवाईयन पद्धतीची विजेची गिटार पुढे व्हॅन शिप्ले यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणली, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल.) पोकळ पेटीची गिटार मोठ्या आवाजाच्या ध्वनिवर्धकाजवळ नेली की पेटीच कंप पावू लागते आणि कर्कश शीळ घुमते. भरीव लाकूड हा त्यावरचा उपाय लेस पॉल, पॉल बिग्सबी यांनाही सुचला होता. फेंडरने केले ते वेगळेच. कारखान्यात शेकड्यांनी निघेल, मोडले तर सुटा भाग बदलता येईल आणि सामान्य वादकाला परवडेल, असे वाद्य त्याने घडविले.

प्रथम डॉक कॉफमन या वादकमित्राच्या भागीदारीत त्याने हवाईयन गिटारी व ध्वनिवर्धक केले. १९४६ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि १९५० साली भरीव गिटार बाजारात आणली. एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या ढोलांच्या नावाशी तिचे नाव जुळत असल्याची तक्रार आल्यावर १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. फळीसारखे सपाट अंग आणि त्याला चार स्क्रूंनी जोडलेली मेपल लाकडाची मान, असा तिचा थाट. धंद्यातील जाणत्यांनी तिची नावेचे वल्हे म्हणून टर उडविली. नक्षीदार व्हायोलिनच्या परंपरेत वाढलेल्यांना तसे वाटणे साहजिकच होते. पण मान वाकली तर स्क्रू काढून नवी बसवावी, हा विचार रेडिओचा दिवा बदलणाऱ्यालाच सुचावा! त्याच वर्षी त्याने पट्ट्यांची बास गिटार काढली. माणसाएवढा डबल बास गाडीच्या टपावर बांधून हिंडणाऱ्या वादकांची त्यामुळे सुटका झाली.

आता आवाजाविषयी. या गिटारीत तारांखाली लोहचुंबकाच्या कांड्या असतात व त्यांभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेढ्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो; तोच ध्वनिवर्धकाकडे जातो. एकाच वेटोळ्याच्या रचनेत आवाज स्वच्छ उमटतो, पण आसपासच्या विजेची गुणगुणही तीत शिरते. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन वेटोळी उलटसुलट जोडून ती गुणगुण घालविली. ही वाद्ये १९५७ पासून बाजारात आली. त्यात वरच्या पट्टीतील धारही थोडी बोथट झाली. फेंडरने आपल्या प्रमुख गिटारींत एकेरी वेटोळेच ठेवले. त्याचा कान ग्रामीण अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतावर आणि हवाईयन गिटारीवर पोसलेला. त्याला घंटेसारखा स्पष्ट नाद हवा होता आणि आवाज फाटणे हा त्याच्या लेखी बिघाड होता. फुलर्टनच्या कारखान्यात हे वेढे गुंडाळणाऱ्या कामगारांत मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया पुष्कळ होत्या. तार हाताने सरकवावी लागे, त्यामुळे दोन नग अगदी सारखे क्वचितच होत. त्या असमानतेला आज संग्राहक भारी किंमत देतात. त्या स्त्रियांच्या मजुरीत तिचा हिशेब अर्थातच धरला गेला नव्हता.

१९५४ साली आलेली स्ट्रॅटोकास्टर ही या कारखान्याची सर्वांत प्रसिद्ध गिटार. तिच्या देहाला दिलेली वळणे शोभेकरिता नव्हती. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांना बोचतात, ही वादकांची तक्रार होती. वादकाच्या हाती नमुना द्यावा, तो काय म्हणतो ते ऐकावे आणि पुन्हा कामाला लागावे, ही फेंडरची रीत. मूळचा हवाई बेटांतील वादक फ्रेडी टव्हारेस याने या घडणीत त्याला मोठी मदत केली. तथापि, ग्राहकाचे ऐकणाऱ्या या माणसावरही ग्राहकाने कुरघोडी केली. स्ट्रॅटोकास्टरचा खटका तीन स्थानांचा होता. वादकांनी तो मधल्या फटीत अडकवून दोन वेटोळ्यांचा मिश्र, किंचित सानुनासिक आवाज काढला. तो इतका रुळला की १९७७ मध्ये कंपनीला पाच स्थानांचा खटका द्यावा लागला. १९५८ची जॅझमास्टर त्याने जॅझवाल्यांसाठी केली, त्यांनी ती घेतली नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांच्या वाद्यवृंदांनी मात्र उचलली. बास गिटारीसाठी बनविलेला त्याचा ध्वनिवर्धक समोर ठेवून इंग्लंडात जिम मार्शलने १९६२च्या सुमारास आपला ध्वनिवर्धक रचला. त्यातून फाटलेल्या आवाजाचे एक नवे संगीतच उभे राहिले. जिमी हेंड्रिक्सने १९६७ मध्ये माँटेरे येथे स्ट्रॅटोकास्टर पेटविली. निर्मात्याला जो बिघाड वाटत होता, तो तोवर लाखो श्रोत्यांचा आनंद झाला होता. वस्तूची उपयुक्तता निर्माता ठरवीत नाही, हे आम्ही वर्गात आलेख काढून शिकवितो. त्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रकृती ढासळल्यामुळे जानेवारी १९६५ मध्ये फेंडरने कंपनी सीबीएस या प्रसारणसंस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढे उत्पादन वाढले आणि दर्जाविषयी कुरकुरही वाढली. १९६५ पूर्वीचे ते सारे सोने आणि नंतरचे सारे पितळ, ही शौकिनांची समजूत मला अतिशयोक्त वाटते. दुर्मिळतेने वाढलेली किंमत आणि गुणाने आलेली किंमत यांची त्यांनी गल्लत केली आहे. मात्र एक आकडा बोलका आहे. १९८५ मध्ये सीबीएसने ही कंपनी तिच्या व्यवस्थापकांच्या गटाला १ कोटी २५ लाख डॉलरला विकली. कारखान्याच्या इमारती त्या सौद्यात नव्हत्या हे जमेस धरले, तरी त्या वीस वर्षांत अमेरिकेतील किंमतपातळी तिपटीहून अधिक वाढली होती!

फेंडर मात्र मरणाच्या वाटेवरून परतला. योग्य उपचार मिळून तो बरा झाला आणि स्पर्धा न करण्याच्या कराराची मुदत सरल्यावर म्युझिक मॅन या कंपनीत उघडपणे उतरला. नंतर जॉर्ज फुलर्टन या जुन्या सहकाऱ्याबरोबर (त्याचे आडनाव आणि गावाचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग) त्याने जी अँड एल ही कंपनी काढली. जुन्या गिटारींतील उणिवा आता आपण दूर केल्या आहेत, अशी त्याची खात्री होती. बाजाराने ती मानली नाही; लोकांना त्याच्या नव्या गिटारींपेक्षा त्याच्याच जुन्या गिटारी हव्या होत्या. कंपवाताने शरीर थकले, तरी तो अखेरच्या दिवसांपर्यंत आपल्या कामाच्या टेबलाशी जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला, तेव्हा ते टेबल होते तसेच ठेवण्यात आले.